काचेला बोलण्यात गुंतवताना

आपल्याला भोक पाडलं जातंय हे कळलं की काच तडकते, म्हणून मिरजेत काचेला भोक पाडताना कुणीतरी तिच्याशी बोलत बसावं लागतं. हे काम घरच्याच माणसानं करायचं असतं. कारागिराचं लक्ष ड्रिलवर हवं.

पुरुषोत्तम केळसकरांना हे ठाऊक होतं. भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चार फुटी फिश टँक करून घेतला होता. मागच्या काचेला दोन भोकं हवी होती. एकातून पाणी खालच्या टाकीत गाळायला जाणार, दुसऱ्यातून परत वर येणार. मासे घाईनं आधीच आणले होते आणि ते दोन दिवस बादलीत एकमेकांच्या शेपट्या कुरतडत होते. अडचण एकच होती, केळसकर बोलत नसत. पत्नी नलिनीबाईंनी काहीही विचारलं तरी उत्तर ‘हं’ असे.

रविवारी काचेचे कारागीर बशीर मोमीन आले. त्यांनी टँक गोधडीवर आडवा केला, मागची काच वर घेतली आणि पेन्सिलीनं दोन वर्तुळं काढली. काच तापू नये म्हणून नलिनीबाईंच्या हाती पाण्याचा तांब्या दिला.

‘धार थांबवायची नाही, वहिनी. आणि साहेब, दगड, गोफण, क्रिकेट हे विषय काढायचे नाहीत.’

ड्रिल सुरू झालं. केळसकरांनी घसा साफ केला. ‘पूर्वी जमिनीची मोजणी साखळीनं होत असे.’

‘बरं,’ काच म्हणाली.

‘साखळीला शंभर कड्या असत.’

कुठंतरी बारीक ‘टिक्’ असा आवाज झाला. बशीरभाईंनी ड्रिल उचललं.

‘कंटाळली ती. लक्ष इकडं यायला लागलंय. कुणाला न सांगितलेलं काही असेल तर सांगा, नाहीतर टँक गेला.’

केळसकरांनी बादलीकडे पाहिलं. ड्रिल पुन्हा टेकलं.

‘एकोणीस वर्षांपूर्वी मला बढती आली होती,’ ते म्हणाले. ‘घरी सांगितलं, साहेबांनी डावललं. खरं म्हणजे मीच नको म्हणून लिहून दिलं.’

‘का?’ काचेनं विचारलं.

‘गडचिरोलीला एकट्यानं राहावं लागलं असतं. हिची शाळेतली नोकरी इथं. ही शेजारी घोरत नसली तर मला झोप लागत नाही.’

‘धार, वहिनी, धार!’ बशीरभाई ओरडले. तांब्या पुन्हा कलला. थोड्या वेळानं काचेची गोल चकती अलगद सुटून आली.

‘दुसऱ्या भोकाला माणूस बदलावा लागतो,’ ती पुसत बशीरभाई म्हणाले. ‘त्याच आवाजाला ती दोनदा फसत नाही.’

तांब्या केळसकरांकडे आला. नलिनीबाईंनी पदर खोचला आणि स्टुलावर बसल्या.

‘त्या नकाराच्या पत्राची प्रत मी तेव्हाच वाचली होती गं,’ त्या काचेला म्हणाल्या. ‘शर्ट धुवायला घेतला, तर खिशात सापडली.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘ह्यांना ओशाळं वाटलं असतं. म्हणून एकोणीस वर्षं त्या बिचाऱ्या साहेबांना शिव्या घालत आले. त्यांच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेले नाही. जेवण चांगलं होतं म्हणे.’

काच हसली. बशीरभाईंनी ड्रिल वर धरलं. हसत्या काचेला भोक वाकडं पडतं, त्यामुळे तिचं हसू ओसरेपर्यंत तिघंही थांबले. केळसकरांच्या हातातली धार मात्र गोधडीवर चालली होती.

‘अहो, इकडे,’ नलिनीबाई म्हणाल्या.

‘हो, हो. तू बोल,’ केळसकर म्हणाले.

दुसरी चकती सुटली. बशीरभाई ड्रिलची वायर गुंडाळू लागले, तेव्हा काचेनं हळूच विचारलं, ‘तिसरं नाही का पाडायचं?’

‘ऑर्डर दोनचीच आहे,’ बशीरभाई म्हणाले.

केळसकरांनी पेन्सिल उचलली, काचेवर एक मोकळी जागा पाहून तिसरं वर्तुळ काढलं आणि नलिनीबाईंच्या शेजारी स्वतःसाठी आतून दुसरं स्टूल आणलं.

‘याला मागाहून बूच बसवून द्या,’ ते म्हणाले. ‘आणि ड्रिल जरा सावकाश चालवा.’