शेवटचा फर्मा

"अगं, पण याला पाठ कुठाय?" बाइंडरकाकांनी कॉम्प्युटरच्या मागे डोकावत विचारलं. जन्मभर पुस्तकं बांधलेला माणूस तो! शिवण नाही, पुठ्ठा नाही, असल्या पुस्तकाला पुस्तक म्हणायचं तरी कसं?

काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. सूनबाईनं इंटरनेटवर जुन्या पुस्तकांच्या पानापानाचे फोटो फुकट दाखवणारी साइट शोधून दिली होती आणि तिथं त्यांना चक्क 'ती' कादंबरी सापडली होती. लग्नाआधी वाचनालयातून आणलेली. खुनी पकडला जाणार, पण पुस्तकात शेवटच नाही! नंतर ती कादंबरी कुठेच मिळाली नाही. त्या खुन्यानं काकूंना तब्बल चाळीस वर्षं छळलं होतं.

"तुम्हीपण बसा. मी मोठ्यानं वाचते."

"आम्ही पुस्तकं बांधतो, वाचत नाही," काका म्हणाले आणि बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या आधी तेच खुर्चीत हजर.

"अहो, बोटाला थुंकी कसली लावताय? पडदा आहे तो!"

"मग पान उलटायचं कसं? लवकर उलट, मावशीला विष घातलंय कुणीतरी!"

असं करत करत दोघं शेवटाला आली. इन्स्पेक्टरनं दार लावून घेतलं. "खुनी याच खोलीत आहे," तो म्हणाला. काकूंनी श्वास रोखून पान सरकवलं, तर मघाशी मेलेली मावशी बागेत झाडांना पाणी घालत होती.

"हात्तिच्या!" काका ताडकन उठले. "आधीचाच फर्मा परत शिवलाय! सोळा पानांचा गठ्ठा असतो एकेक. शेवटचा घ्यायचा सोडून या गाढवानं आधीचाच दोनदा घेतला! सूनबाई, त्या साइटवाल्यांना लिही. म्हणावं, असल्या गाढवाच्या हातात सुई कुणी दिली?"

"बाबा, जरा सौम्य लिहू का?"

"एक शब्द कमी करायचा नाही!"

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

संध्याकाळी उत्तर आलं. सूनबाईनं वाचून दाखवलं, "आमच्याकडे ही एकच प्रत आहे, एका जुन्या वाचनालयातून आलेली. बांधणाऱ्याचा शिक्का मागच्या पुठ्ठ्याच्या आत आहे. 'गाढव' हा निरोप कृपया आपणच त्यांना पोचवावा."

"पोचवतोच! दाखव तो शिक्का!"

सूनबाईनं शिक्का मोठा केला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. शिक्क्यावर काकांचंच नाव होतं, खाली दुकानाचा पत्ता.

"नवखा होतो गं तेव्हा," काका पुटपुटले. शरमेनं त्यांची मान वर होईना.

"म्हणजे माझा खुनी इतकी वर्षं तुम्ही लपवून ठेवलात?" काकूंनी कपाळावर हात मारला. "आणि मी मेली त्याच गाढवाशी लग्न करून बसले!"

काका तडक माळ्यावर चढले. कागद टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उरलेसुरले फर्मे गठ्ठे बांधून वर ठेवलेले होते. बराच वेळ खोकणं आणि शिंकणं ऐकू आलं. मग धुळीनं पांढरे झालेले काका ओरडतच उतरले, "सापडला, सापडला!"

काकूंनी ती पानं हिसकावलीच. खिडकीत बसून वाचताना त्यांचे डोळे विस्फारले, हात तोंडावर गेला आणि शेवटी त्या खुदकन हसल्या.

"कोण निघाला गं? मावशीचा नवराच ना? मी म्हटलंच होतं!"

काकूंनी फर्मा नीट घडी करून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं थांबा फक्त."