छकुल्याच्या बागस्वारीची हकीकत

आधी नमन श्वानबागेच्या त्या लोखंडी फाटकास, ज्याच्या कडीवर तमाम श्वानमंडळींचा जीव टांगलेला. उपरांत वर्तमान ऐसे जे, शिवणदुकानाचे धनी शिंपीकाका यांचे पदरी छकुल्या नामे श्वान होता. पिल्लू असता नाव ठेविले, आणि मग देह वाढत वाढत वासराएवढा जाहला, तरी नाव तेच राहिले. स्वभाव बहुत गरीब. ज्यावर मर्जी बसे त्याच्या पायांस अंग टेकून उभे राहावे, ऐसी खोड. मागल्या खेपेस श्वानबागेचे चिटणीस यांजवर मर्जी बसली, आणि चिटणीस चहाच्या पेल्यासह चिखलात दाखल जाहले. टेकणे म्हणजे माया, हे कोणीच मनास आणिले नाही. हुकूम सादर जाहला की, पुन्हा एक बोभाटा होताच या जनावरास फाटक कायमचे बंद.

काका हवालदिल जाहले. दुकानामागे दोन खोल्या, धावावयास दुसरी जागा नाही, आणि मेहुणे तर रोज मसलत देत की कुत्रा कोणास देऊन टाकावा. छकुल्यावाचून दुकान खायला उठेल, हे काका पुरते जाणून होते.

मग रविवारी, मापाची फीत गळ्यात तशीच राहिलेली, काका छकुल्यासह कूच करून बागेत दाखल जाहले. एकच हलकल्लोळ माजला. ज्याने त्याने आपापला श्वान कडेवर घेतला, आणि मग दंतवैद्यबाईंची ठिणगी नामे कुत्री, पायताणाहून किंचित उंच, कडेवरून उडी टाकून थेट छकुल्यावर चालून आली. छकुल्याची गाळण उडाली, त्याने काकांमागे दडावयाची तजवीज केली, परंतु काका आडोशास पुरेनात. आता हा उधळणार, चार माणसे आडवी होणार, ऐसे दिसो लागले.

तेव्हा काकांनी फीत काढून छकुल्याच्या छातीस गुंडाळिली. दुकानात वाढलेले जनावर. फीत अंगास लागताच श्वास रोखून ताठ उभे राहावे, हा गिऱ्हाइकांचा शिरस्ता त्याने लहानपणीच उचलिला होता. तो खांब जाहला. ठिणगीने शेपूट धरिले, मग झेप घेऊन कान धरिला, आणि छकुल्या हलला नाही. केवळ काकांकडे बघत राहिला.

"अहो बाई, उचला की तिला! त्या बिचाऱ्याचा कान तोडेल ती," चिटणीस ओरडले.

बोभाटा जाहला खरा, परंतु ठिणगीच्या नावे. दंतवैद्यबाईंस जबडे उघडण्याचा सराव, म्हणून कान शाबूत सुटला. फीत निघताच छकुल्या थेट चिटणीसांकडे निघाला, आणि मग चिटणीसांनी पेला बाकावर ठेविला, दोन्ही पाय रोविले आणि फर्माविले, "ये बाबा, टेक."

छकुल्या टेकला. चिटणीस डगमगले, परंतु पडले नाहीत.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. घरी मेहुणे मसलत घेऊन दारातच उभे होते. छकुल्या त्यांसही टेकला, मेहुणे कापडाच्या ढिगात बसले, आणि तेथूनच त्यांनी मसलत मागे घेतली. काकांचा जीव भांड्यात पडला. घडले तितके लिहिले. फाटक उघडे असे.