संगणकामागचा माणूस

रोह्याच्या साप्ताहिकात 'उद्योगजगत' हे पान चालवणारे विष्णुपंत टिपणीस कासू स्टेशन गेलं तरी कुरकुरतच होते. संपादकांनी त्यांना पेणला पिटाळलं होतं, तेही चंद्रावतीबाईंची मुलाखत घ्यायला! बाई आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या, त्यांच्या कॅसेटी अलिबागपर्यंत घरोघर वाजतात, हे कबूल. पण नव्याण्णव साल उजाडलं आणि इंटरनेटवर लग्नांची वेबसाइट काढली, म्हणून काय लगेच उद्योजक? छे! गळा हिचा असेल, डोकं दुसऱ्या कुणाचं तरी असणार. पण संपादकांनी बजावलं होतं, "पान कुणी वाचत नाही. हा लेख गाजला नाही, तर पान बंद." म्हणून गेले बिचारे.

चंद्रावतीबाईंच्या ऑफिसात खुर्ची एकच, संगणकापुढची. आल्यागेल्याला खुर्ची द्यायची आणि आपण चटईवर बसायचं, ही त्यांची घरची रीत. विष्णुपंत शिरले तेव्हा खुर्चीत एक मिशीवाला ऐटीत बसला होता आणि बाई खाली सुपारी कातरत होत्या. झालं! बाईंना एक नमस्कार ठोकून विष्णुपंतांनी मोर्चा वळवला तो थेट खुर्चीकडे.

"आपलं नाव?"

"जगन म्हात्रे."

"या धंद्यात कधीपासून?"

"बापापासून हाय."

'कौटुंबिक वारसा,' विष्णुपंतांनी वहीत टिपलं. "यंदा नवीन काय?"

"दोन मानसं वाढवली. सगल्यांना लाल ड्रेस शिवलं."

'मनुष्यबळात वाढ, कर्मचाऱ्यांना गणवेश.' वा! "अडचणी?"

"पावसात धंदा बसतो ना, साहेब. चातुर्मासात कोन लगीन करतो?"

निघताना विष्णुपंतांनी शिष्टाचार म्हणून बाईंना विचारलं, "तुम्ही काय करता यात?"

"मी गाते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

लेख फोटोसकट झळकला, 'संगणकामागचा माणूस: जगन म्हात्रे'. दुसऱ्याच दिवशी संपादकांनी अंक त्यांच्या नाकासमोर नाचवला. "अहो, हा जगन ब्रास बँडवाला! आपल्या बँडची जाहिरात द्यायला गेला होता तिथे. वेबसाइट बाईंची, डोकं बाईंचं, संगणकही बाईच चालवतात. सगळं पेण हसतंय! माफी मागून या. आणि पान बंद!"

बारा वर्षांचं पान! विष्णुपंतांना रात्री भात गेला नाही. सकाळी पडेल चेहऱ्याने ते पुन्हा पेणला हजर झाले.

"चुकलो, बाई. पण तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मला इचारलंत कुठं?" बाई हसल्या. "पण मी रागावली नाय हो. तुमचा लेख वेबसाइटवर चढवला, जसाच्या तसा. दोन दिवसांत अकराशे लोकांनी वाचला. मस्कतवरनं आमची पोरं हसत हसत फोन करतात, पुढचा कवा म्हनून. दर आठवड्याला एक द्याल? मानधन देईन."

विष्णुपंतांचे डोळे भरून आले. बारा वर्षांत त्यांच्याकडे पुढचा लेख कुणी मागितला नव्हता.

"देतो की! आता छान विनोदी ढंगानं लिहितो."

"नको, नको!" बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "मुद्दाम इनोद नका करू. नेहमीसारखं गंभीरच लिवा."