दुसरा साक्षीदार

आम्ही या गल्लीत राहायला आलो, ती शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. सामान लागल्यावर रीतीप्रमाणे शेजारी ओळख करून द्यायला गेलो. "मी जाधव. पाटबंधारे खात्यात आहे. तुमच्या शेजारचं घर आम्ही घेतलंय," असं मी म्हणालो. दारातल्या उंच, काटकुळ्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "हे सांगत्यात ते खरं हाय का, वैनी?"

बायको गोंधळून "हो" म्हणाली.

"मग या की आत. दोघं सांगताय म्हणजे असणार."

हे आण्णा कांबळे. कोल्हापुरातल्या एका दैनिकात अडतीस वर्षं बातमीदारी करून त्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. सांगणारा एकच असेल तर ती बातमी नव्हे, दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं तरच ती बातमी, हा त्यांचा नोकरीतला नियम. नोकरी सुटली, नियम सुटला नाही. कुणी काहीही सांगितलं की आण्णा चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "सांगणारा एक झाला. दुसरा कोण?"

हा नियम घरातही चाले. एकदा त्यांच्या पत्नी तारावैनी म्हणाल्या, दूध नासलंय. पाच मिनिटांत आण्णा पातेलं घेऊन आमच्या दारात. "वैनी, जरा वास घ्या. घरात काय ठरलंय ते सांगत न्हाई, तुमचं तुमी सांगा." आमच्या दोन घरांच्या दारांत बावीस पावलांचं अंतर आहे. नासलेलं दूध ते अंतर महिन्यातून सरासरी एकदा तरी चालून येई.

माझं आणि त्यांचं जमलं ते माझ्या कामामुळे. मी खात्यात नदीच्या आणि ओढ्यांच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवत असे. आज पाणी किती फूट, किती इंच, काल किती, गेल्या वर्षी याच दिवशी किती. घरात या आकड्यांत कुणाला रस नव्हता. आण्णांना होता. "कागदावर त्याच दिवशी लिवलेला आकडा म्हणजे अर्धा माणूस," ते म्हणत. "आन लिवणारा फूटपट्टीसारखा सरळ असला तर पुरा माणूस." तेव्हापासून ते मला फूटपट्टी म्हणू लागले. मला ते आवडत असे, हे मी आज कबूल करतो.

वर्तमानपत्राच्या कचेरीत एक पद्धत असते. वय झालेल्या मोठ्या माणसांची माहिती आधीच लिहून ठेवायची, म्हणजे माणूस गेल्यावर धावपळ होत नाही. निवृत्तीनंतर आण्णांनी हीच पद्धत गल्लीला लावली. मोठी माणसं तर मरतातच, पण गल्लीतली माणसं मरतात तेव्हा त्यांचं काय केलं हे कुणाला धड सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे हिरव्या रंगाची एक लोखंडी पेटी होती. तिच्यात प्रत्येकाच्या नावाचं पाकीट. वर्षातून एकदा ते त्या माणसाकडे जात, बसत, चहा घेत आणि विचारत, "काय नवीन?"

पहिल्या वर्षी लोक हादरले. म्हादू पैलवानाच्या बायकोने तर आण्णांना उंबऱ्यावरच अडवलं. "आमचं माणूस धडधाकट हाय. सकाळी दोन म्हशी पिळतंय. तुमी आत्ताच कशाला लिवायला बसलाय?"

"धडधाकट हाय म्हणूनच आलतो की," आण्णा म्हणाले. "नंतर येऊन कुणाला इचारू?"

हे पैलवानाला पटलं. त्याने आपली सगळ्यात मोठी कुस्ती सांगितली. पेठ वडगावच्या एका नामांकित मल्लाला त्याने घिस्सा मारून चितपट केलं होतं. आण्णांनी लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी एसटीने वडगावला गेले आणि त्या मल्लाला शोधून काढलं. तो म्हणाला, "म्हाद्या? त्याला मी पाडलं." पैलवानाच्या पाकिटात आजही असं वाक्य आहे: "कुस्ती झाली. कोण पडले याबद्दल दोघांत एकमत नाही."

पैलवान चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी दूध घालताना त्याने विचारलं, "पर कुस्ती झाली एवढं तरी पक्कं लिवलंय न्हवं?"

"पक्कं. त्याला दोन साक्षीदार हायत."

"मग ऱ्हाऊ दे."

तीन वर्षांत उलटंच झालं. आमच्या गल्लीत तेरा घरं. आपलं पाकीट पेटीत नाही हे कळलं की माणूस अस्वस्थ होऊ लागला. सोयरीक ठरवायला आलेल्या पावण्यांना "आमचं पेटीत हाय" असं सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. एकच सांगणारा आहे, पण तो मी आहे.

पाकिटांखेरीज आण्णांनी अकरा जणांची चरित्रं लिहून छापली. त्यांतलं सर्वांत पातळ चरित्र एका साखर कारखान्याच्या माजी संचालकांचं. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांना तीनशे पानांचं पुस्तक हवं होतं. त्यांनी सांगितलं भरपूर. पहिल्याच प्रकरणात ते दहाव्या वर्षी महापुरात नदी पोहून शाळेला गेले होते. आण्णांनी शाळेच्या दाखल्यावरून साल काढलं आणि मला जुनी वही बघायला सांगितली. मी बघितली. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती आणि नदीचं पात्र अर्धं उघडं होतं.

संचालक गाडी घेऊन गल्लीत आले. मी तिथेच होतो.

"आण्णा, तेवढं पोहलेलं ऱ्हाऊ दे की."

"ऱ्हाऊ दिलं असतं. पर पाणीच न्हवतं, साहेब. पोहलासा कशात?"

"कुणाला ठावं हाय ते?"

आण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. संचालकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. माझी बदली होणार असं आठ दिवस मला वाटत होतं. झाली नाही. पुस्तक एकोणीस पानांचं झालं, त्यातली सहा पानं फोटोंची. "पातळ हाय," आण्णा म्हणाले, "पर कुटंबी दाबून बघा, आत पोकळ न्हाई."

या सगळ्यात एका माणसाचं पाकीट पेटीत नव्हतं. तारावैनींचं.

वैनी ठेंगण्या, गोल, आणि बोलण्यात आण्णांना पुरून उरणाऱ्या. त्यांची एकच गोष्ट होती आणि ती गल्लीत सर्वांना पाठ होती. लग्नानंतरचा पहिला पावसाळा. दोघं हातकणंगले तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात राहत होते. पुराचं पाणी ओढ्यात फुगलं, वस्तीला वेढा पडला आणि होडी काही येईना. आण्णा तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालेले आणि तापाने फणफणलेले. त्यांनी पडल्या पडल्या वस्तीची हकिकत लिहून काढली. ते कागद वैनींनी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यात घातले, डबा डोक्यावर घेतला, ओढ्याच्या पुलावरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत पलीकडे गेल्या आणि मिळेल त्या वाहनाने कोल्हापूरला जाऊन छापखान्यात देऊन आल्या. हकिकत छापून आली. तिसऱ्या दिवशी वस्तीला होडी आली. महिन्याभराने संपादकांनी आण्णांना बोलावून घेतलं आणि अडतीस वर्षांची नोकरी सुरू झाली.

यातलं सगळं आण्णांना मान्य होतं. फक्त पाणी मान्य नव्हतं.

"पाणी उतरलं असणार," ते म्हणत. "घोट्याएवढं असंल. न्हाईतर तू गेलीसच कशी?"

"चालत गेलते."

"बघणारा दुसरा कोण?"

"बेडकं हुती. आणू धरून?"

हा संवाद मी नऊ वर्षांत किमान पन्नास वेळा ऐकला असेल. दर वेळी आम्ही हसत असू, वैनीही हसत. पण हसून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात जात आणि तो जर्मनचा डबा खसाखसा घासू लागत. त्यात त्या लसूण ठेवत. लसणाचा डबा इतका घासायची गरज नसते, एवढं मला कळत होतं.

पुढे पत्रकारांच्या एका संस्थेने आण्णांचा सत्कार ठरवला. पुस्तिकेसाठी त्यांनी स्वतःचा परिचय चार पानांत लिहून द्यायचा होता. अकरा चरित्रं लिहिलेला माणूस पहिल्याच ओळीला अडला. शाळेत मास्तरांनी जन्मतारीख एक जून टाकलेली, तीही अंदाजाने. वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच. आई म्हणायची भात कापणी चालू होती. म्हणजे जून नव्हेच. आण्णांनी जन्मतारीख गाळली. मग पहिल्या बातमीपाशी आले आणि लिहिलं, "पहिली बातमी मी गावाहून पाठवली." मला वाचून दाखवत होते. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

वैनी दारात आल्या. "पाठवली कुणासंगं? कबुतरासंगं?"

"तारा, ह्ये छापून येणार हाय. छापायचं म्हटलं की—"

"ठावं हाय. दुसरा कोण." त्या हसल्या नाहीत. "अवो, अख्ख्या गल्लीचं पेटीत हाय. त्यो म्हशी पिळणारा पैलवान सुदिक हाय. माझं न्हाई. मी गेल्यावर काय लिवणार? सत्तेचाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या? त्याला तरी साक्षीदार हायत का?"

आण्णांनी कागद मिटले. मीही उठलो.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत गेलो. हे मला आधी का सुचलं नाही याची लाज वाटते. संचालकांचं पाणी शोधायला मला अर्धा दिवस लागला होता, वैनींचं पाणी शोधायला नऊ वर्षं लागली. त्या ओढ्याच्या पुलावर पूर्वी खात्याची पाणी मोजायची पट्टी होती हे मला ठाऊक होतं. बातमीच्या कात्रणावरची तारीख मला पाठ होती, कारण ते चौकटीत घालून आण्णांनी भिंतीला लावलं होतं. कसरीने खाल्लेल्या चौदा वह्या काढल्यावर पंधरावी सापडली. तारीख छापून आल्याच्या आदल्या दिवसाची. सकाळी नऊची नोंद. रस्त्यावर पाणी तीन फूट दोन इंच. आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात मोजणीदाराने बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"वाहतूक बंद. एक स्त्री डोक्यावर डबा घेऊन पलीकडे गेली. मनाई केली. ऐकले नाही."

साहेबांची रीतसर परवानगी घेऊन मी वही घरी आणली. आण्णांनी ती भिंगाखाली धरून तीनदा वाचली.

"मोजणीदार कोण हा?"

"सहीवरून शिंदे दिसतो. वारून बरीच वर्षं झाली."

"तारेच्या माहेरचा न्हवं?"

"नाही. साताऱ्याकडचा होता."

"आन शाई नंतरची न्हाई?"

"आण्णा, वर-खाली त्याच हातच्या नोंदी आहेत. बघा."

त्यांनी बघितल्या. मग वही मिटली आणि तिच्यावर पंजा ठेवला. "साक्षीदार चालंल," एवढंच म्हणाले.

सत्काराच्या दिवशी वैनी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चार जणांची भाषणं झाली. आण्णा उठले, खिशातून एक चिठ्ठी काढली आणि बातमीच्या आवाजात वाचली. "अडतीस वर्षांत माझ्या एकाही बातमीला दुरुस्ती छापावी लागली नाही. आज एक देतो. पहिली बातमी मी पाठवली, असं मी आजवर सांगत आलो. ते चूक हाय. ती माझी बायको तारा कांबळे हिनं पुराच्या पाण्यातनं चालत जाऊन पोचवली. पाणी कमरेएवढं हुतं. चुकीबद्दल दिलगीर आहे." आणि खाली बसले. भाषण संपलं हे कळायलाच लोकांना वेळ लागला. मग टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात पैलवानाच्या. वैनी पदराने चष्मा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णांनी मला पेटी उचलू लागायला बोलावलं. त्यांनी सगळी पाकिटं बाहेर काढली. पैलवान निघाला, मी निघालो, माझी बायको निघाली. तळाशी कापडात गुंडाळलेली एक जाड वही होती. पाकिटात मावली नसती. वर नाव होतं: तारा.

मी पानं चाळली. वैनींनी कधीकाळी सांगितलेलं सगळं त्यात होतं. माहेरची विहीर. विहारात पांढऱ्या लुगड्यात झालेलं लग्न. न जगलेलं पहिलं मूल. रात्रशाळेत शिकलेली अक्षरं. दूध कधी नासलं तेसुद्धा. प्रत्येक ओळीपुढे समासात बरोबरची एक खूण, आणि तिच्या शेजारी दुसऱ्या खुणेपुरती मोकळी जागा. वही सहा बोटं जाड होती. मोकळ्या जागा मी मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या असंही वाटलं नाही.

"कधीपासून लिहिताय?"

"लग्नापासनं. म्हटलं, गावंल दुसरं कुणीतरी."

त्यांनी ओढ्याचं पान काढलं. 'पाणी कमरेएवढे' या ओळीपुढे दुसरी खूण केली आणि पेनाला टोपण लावू लागले. वैनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी खांद्यावरून वहीत पाहिलं.

"कमरेच्या वर हुतं," त्या म्हणाल्या.

आण्णांचा हात थांबला. चष्मा कपाळावर गेला. मी मनातल्या मनात हिशोब केला. वैनींची उंची चार फूट नऊ इंचांच्या पुढे नाही. रस्त्यावर पाणी तीन फूट दोन इंच. म्हणजे कमरेच्या वर किमान दोन-तीन बोटं. पुरावा माझ्या जिभेवर तयार होता. फक्त विचारायचा अवकाश.

आण्णांनी टोपण पुन्हा काढलं. 'कमरेएवढे' खोडून 'कमरेच्या वर' लिहिलं, समासात दोन्ही खुणा आपल्या हाताने केल्या, आणि चहाचा कप उचलला.

मला कुणी काही विचारलं नाही.