वाकण्याचा परवाना

माणूस आईच्या पोटात वाकलेलाच असतो. पुढे त्याला कायमची नोकरी लागते आणि तो हळूहळू ताठ होत जातो. ही निसर्गाची योजना असून तिच्याविरुद्ध अर्ज करण्याची सोय नाही.

भिलाईच्या सेक्टर ६ मधले लहानू मेश्राम सत्तावन्नाव्या वर्षी या योजनेचे संपूर्ण लाभार्थी झाले. कारखान्यात क्रेनवर बसून तीस वर्षं काढल्यावर त्यांची कंबर एके दिवशी जी अडली, ती अडलीच. आठ महिने त्यांच्या सेफ्टी शूजची लेस बायको रुक्मा बांधत होती. दुपारी, दुसऱ्या शिफ्टच्या आधी, ते खुर्चीत राजासारखे बसत आणि ती पायाशी. (राजांना लाज वाटत नसावी. लहानूंना वाटायची.)

आता नागपूरला मुलगी संघमित्रा बाळंत व्हायची होती. रुक्माचं एक तारखेचं तिकीट होतं.

"तुमची लेस कोन बांधन?" रुक्मा म्हणाली. "उघड्या लेसनं गेटवर घेत नाहीत. मी नाही जात मंग."

"पोरीची पयली खेप हाय. तू जाशीन," लहानू म्हणाले. "मी वाकाले शिकतो."

हाताशी एक महिना होता.

भिलाईतल्याच मरोद्याच्या सभागृहात रोज सकाळी 'आरोग्यप्रभात योग मंडळ' भरतं. अध्यक्ष नरहरी देशकर कारखान्याच्या सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेले. कोणालाही कुठेही इजा होऊ नये, हा त्यांचा ध्यास. असा सज्जन माणूस योगाला लाभला, हे योगाचं भाग्यच म्हणावं लागेल. दारात त्यांनी फळा लावला होता: 'अपघातमुक्त दिवस : ४१२'.

कोणत्याही आसनापूर्वी लेखी परवाना लागे. पुढे वाकण्याचा हिरवा, मागे वाकण्याचा पिवळा. डोक्यावर उभं राहायचं असल्यास लाल, सोबत वारसाचं नाव. प्रत्येकावर तीन सह्या, आणि तिसरी सही करणारे गृहस्थ दोन वर्षांपासून मुलाकडे पुण्याला. शवासनात सदस्याच्या अंगठ्याला बांधायची पाटीही तयार होती : 'काम चालू आहे, हलवू नये'. सदस्य त्रेचाळीस, खुर्च्या त्रेचाळीस. चटयाही तितक्याच, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकमधून न काढलेल्या. आजवर झालेल्या दुखापती शून्य. आजवर झालेली आसनं शून्य. (या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध असावा, अशी शंका अद्याप कोणी लेखी मांडलेली नाही.)

नवशिक्यांसाठी पहिला महिना सिद्धांताचा. लहानू खुर्चीत बसून पडद्यावर पुढे वाकलेल्या माणसाचं चित्र बघू लागले. आठव्या दिवशी त्यांचा धीर सुटला.

"साहेब, थोडंसं वाकून पाहू का?"

"लहानूजी!" नरहरींनी छातीवर हात ठेवला. "बिना परवान्याचे वाकलात आणि काही लचकलं, तर फळ्यावर काय लिहू मी? चारशे वीस दिवस झालेत!"

लहानू बसले. त्याच वेळी खुर्च्यांच्या रांगांमधून गिरजाबाई झाडत चालल्या होत्या. वय बासष्ट. कंबरेतून अशा वाकलेल्या की हात जमिनीला, आणि एका दमात भिंतीपासून भिंतीपर्यंत. पडद्यावरचा माणूस त्यांच्यापुढे लाजला असता. पण त्यांच्याकडे हिरवा परवाना नसल्यामुळे ते आसन धरलं जात नव्हतं.

वर्ग सुटल्यावर लहानू थांबले.

"भाऊ, काहून असे बघून राहिले?" गिरजाबाईंनी विचारलं.

"माही कंबर वाकत नाही. तुमची कशी वाकते?"

"वाकत नाही म्हनून मी सांगू कोनाले?" त्या हसल्या. "गुडघे ढिले ठेवा. सांस सोडा, मंग खाली जा. नुसतं नाही जमत, हातात काम पायजे. हे घ्या."

आणि त्यांनी झाडू पुढे केला.

लहानूंच्या वडिलांनी गावकीचा झाडू खाली ठेवून भिलाईची गाडी पकडली होती. पोराला एकच सांगून गेले होते, की काही बी धर, दुसऱ्याच्या अंगणात झाडू धरू नको. लहानूंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी संघमित्राचा फोन आला. "बाबा, आई येऊन राहिली ना?" चौथ्या दिवशी त्यांनी झाडू धरला.

पहिल्या दिवशी हात गुडघ्यापर्यंत गेला. मग नडगी, मग घोटा. सोळा दिवस त्यांनी सभागृह झाडलं आणि सोळाही दिवस एकाही सदस्याने काही विचारलं नाही. लहानूंच्या हातात झाडू बघून कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. (या बाबतीत मंडळाची नजर जुन्या वळणाची असून अत्यंत निरोगी आहे.)

सतराव्या दिवशी मात्र अनर्थ घडला. लहानू सर्वांदेखत खाली वाकले आणि बुटाची लेस बांधून सरळ उभे राहिले. खुर्च्या सरकल्या. कोणीतरी पाणी मागितलं. नरहरींनी फळा पुसून तिथे शून्य लिहिलं.

घरी रुक्माने ती गाठ पाहिली. कशी जमली तेही ऐकलं.

"मामंजी असते तर?"

"रागावले असते," लहानू म्हणाले. "मंग पतवंडाचं नाव काय ठेवता, ते इचारलं असतं. बॅग भर."

रुक्मा एक तारखेला गेली.

मंडळाने चौकशी केली. लहानूंचं सदस्यत्व रद्द झालं. उरलेल्या बेचाळीस जणांना प्रावीण्याची प्रमाणपत्रं मिळाली. पात्रता नसताना शिकवल्याबद्दल गिरजाबाईंना ताकीद मिळाली, आणि त्यांच्याच सुरक्षिततेसाठी उभ्याने झाडायचा लांब दांड्याचा झाडू. "यानं कोपऱ्यातलं निघत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. यावर उपसमिती नेमली आहे. तोवर कोपरे वाकूनच झाडावेत, पण ते वाकणं म्हणू नये, असं ठरलं आहे.

वाचकहो, आपण हे सगळं बसल्या जागी शेवटपर्यंत वाचलंत, तेव्हा आपलाही सिद्धांताचा भाग पूर्ण झाला. अभिनंदन. आता जरा पाय वर घ्या. बाई केव्हाच्या थांबल्यात, त्यांना खुर्चीखालचं झाडायचं आहे.