डीन फ्रॉम मिनेसोटा

आमच्या गल्लीतून उत्तरेकडे जायचं असेल, तर दिनकरकाका रिव्हर्समध्ये जातात.

गल्ली मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतली. सारख्या रंगाची घरं, सारखी कापलेली हिरवळ आणि मधून एक भलामोठा पिकअप ट्रक, पाठीवर खोलीएवढा कॅम्पर घेऊन, शेपटीकडून सावकाश निघालेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं गिअर अडकला. धावत गेलो. काकांनी काच खाली केली आणि अवघडलेल्या मानेने म्हणाले, "सॅटेलाइट दक्षिणेला आहे. नाक दक्षिणेला ठेवावं लागतं."

यात वेडेपणा नव्हता, हीच तर अडचण होती. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या उघड्या हौद्यात बसवलेलं छोटंसं घर. बिछाना, शेगडी, बेसिन, सगळं त्यात. या घराची झोपायची जागा पुढे येऊन ड्रायव्हरच्या टपावर छज्जा धरते. आणि थेट उपग्रहावरून ऐकायच्या सॅटेलाइट रेडिओचा अँटेना असतो नेमका त्याच टपावर. त्या बिचाऱ्याला आकाशच दिसत नाही. नाक दक्षिणेला केलं की छज्ज्याखालून तिरपा असा थोडा सिग्नल आत शिरतो. काकांनी हे स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

दिनकरकाका मूळचे कऱ्हाडचे. वडिलांचं तिथे गॅरेज होतं. त्या ग्रीसच्या वासातून सुटायचं म्हणून ते शिकले, इंजिनिअर झाले, अमेरिकेत आले आणि पाण्याच्या पंपांच्या कंपनीतून रिटायर झाले. माणूस सरळ. इतका सरळ की शेजाऱ्याला वळसा घालून जावं लागतं. "तत्त्वात बसत नाही" हे त्यांचं पालुपद. पार्टीत दुसऱ्यांदा गुलाबजाम घेणं तत्त्वात बसत नाही. पिवळ्या दिव्याला गाडी पुढे काढणं बसत नाही. रिव्हर्समध्ये उत्तरेला जाणं मात्र बसतं.

मी नागपूरचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. काकांच्या लेखी एवढं पुरेसं होतं. "निखिल, तुमचं सगळं क्लाउडवरच असतं ना? मग सॅटेलाइट त्याच्या जरासा वर," असं म्हणून त्यांनी मला शिडी धरायला उभं केलं, ते आजतागायत.

किती प्रयोग झाले म्हणून सांगू. अँटेना डॅशबोर्डवर ठेवला, तर तो प्रत्येक वळणाला काकांच्या मांडीवर यायचा. बॉनेटवर ठेवावा, तर अँटेनाला खाली लोहचुंबक आणि बॉनेट निघालं अ‍ॅल्युमिनियमचं. मग एका बांबूला बांधून खिडकीतून बाहेर काढला. त्या दिवशी तीन घरं सोडून राहणाऱ्या बाईंनी येऊन अत्यंत नम्रपणे विचारलं, की हा तुमच्या धर्माचा काही सण आहे का? काका म्हणाले, "नो, रिसेप्शन." बाई कुणाचं तरी लग्न आहे असं समजून अभिनंदन करून गेल्या.

"काका, फोनवर अ‍ॅप आहे की. रेडिओ फोनवरच ऐका," मी एकदा वैतागून म्हणालो.

"फोन मोकळा लागतो," काका म्हणाले. "आणि रेडिओच बिघडलाय तर तो दुरुस्त करायला नको? तत्त्वात बसत नाही."

मला खरा छळणारा प्रश्न वेगळाच होता. हा कॅम्पर कधी कुठे जातच नसे. माणसं तो घेऊन डोंगरात जातात, तळ्याकाठी राहतात. काकांचा कॅम्पर गल्लीच्या टोकापर्यंत उलटा जाई आणि सुलटा परत येई. "आजवर त्यात फक्त कांदे राहिलेत," काकू म्हणायच्या. थंड जागा म्हणून त्यांनी खरंच त्यात कांदे पसरले होते.

आता घरातली दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती गल्लीत सगळ्यांना माहीत होती. काकांचा मुलीशी अबोला होता. केतकी त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली, इंजिनिअरिंगला गेली आणि मधेच सोडून मोंटानात एका गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायला लागली. "ज्या गॅरेजमधून मी पळालो, तिथेच ही धावत गेली," काका म्हणाले आणि बोलायचे थांबले. अबोलाही तत्त्वशुद्ध. काकू रोज संध्याकाळी फोन स्पीकरवर लावायच्या आणि काका शेजारी बसून म्हणायचे, "तिला सांग, गाडीला बर्फाचे टायर लाव." पलीकडून केतकी म्हणायची, "आई, टेल हिम आय सेल देम." काकू दोन्हीकडे मान डोलवायच्या.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी काका एका शुक्रवारी संध्याकाळी उत्साहात आले. शनिवारी सकाळी रेडिओवर कॅम्पर दुरुस्तीचा एक कार्यक्रम लागतो. लोक फोन करून आपापली रडगाणी सांगतात आणि केट नावाच्या बाई उपाय सुचवतात. काका त्यांना नेमाने फोन करत. डॅशबोर्ड, बॉनेट, बांबू, सगळं त्यांच्याच सल्ल्याने झालं होतं. बांबू नाही, बांबू काकांचा स्वतःचा.

"मॅडम गेल्या शनिवारी म्हणाल्या, वायर लांब करून अँटेना थेट कॅम्परच्या छतावर न्या. छत फायबरचं, त्यावर चुंबक धरत नाही. तर खाली सपाट लोखंडी पत्रा ठेवा. नाहीतर जुना लोखंडी तवा. बायकोच्या लक्षात येणार नाही असा."

काकूंचा भाकरीचा तवा त्या संध्याकाळी छतावर चढला. मी तो चिकटवला, वायर खिडकीच्या रबरातून आत घेतली. रेडिओ लावला आणि असा खणखणीत वाजला की आम्ही दोघेही दचकलो. मी हात पुसत म्हणालो, "काका, झालं. संपलं."

"हो. संपलं," काका म्हणाले. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते बराच वेळ रेडिओच्या बटणाकडे बघत बसले.

शनिवारी सकाळी बर्फ भुरभुरत होता. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलो, तर काका शिडीवर. हातात दुधाचं स्टीलचं पातेलं. ते त्यांनी अँटेनावर हळूच उपडं घातलं आणि वर दोन विटा ठेवल्या.

"काका, हे काय?"

"टेस्टिंग," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता केबिनमध्ये जाऊन बसले.

काकू गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मी काही विचारण्याआधीच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, केट म्हणजे केतकी."

मी कचऱ्याचा डबा खाली ठेवला.

"तिला रेडिओवर हा कार्यक्रम मिळाला, तेव्हा यांनी पहिल्याच शनिवारी फोन केला. तिथला फोन घेणारा मुलगा म्हणाला, सर, तुमचा कॅम्पर कुठला? यांना खोटं बोलता येईना. फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात कॅम्पर घेऊन आले. तो बसवल्यावर हा रेडिओ खरंच बंद पडला, तेव्हा केवढे खूश झाले होते. नाव सांगतात डीन. म्हणे दिनकरचं डीन हे खोटं नाही, छोटं आहे."

"आणि तिला माहीत नाही?"

"बापाचा आवाज कळणार नाही होय? पहिल्याच वाक्याला कळलं. संध्याकाळी मला विचारते, डीनने मी सांगितलेलं केलं का? आणि वर बजावते, त्यांना सांगू नकोस. हे बजावतात, तिला सांगू नकोस. आणि इकडे मी भाकरी नॉनस्टिकवर करते."

मला हसू यायला हवं होतं. पण मी त्या पातेल्यावर साचणारा बर्फ बघत राहिलो. या माणसाला मुलीशी बोलायला आठवड्यातून एक बिघाड लागत होता आणि तो बिघाड मीच मन लावून दुरुस्त केला होता.

मी ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काका फोन कानाला लावून ताठ बसले होते. रेडिओ चालू होता, पण नुसती खरखर. त्यांनी मला खूण केली, गप्प बस.

"येस, धिस इज डीन फ्रॉम मिनेसोटा," काका त्यांच्या कऱ्हाडी इंग्रजीत म्हणाले. "तवा, आय मीन ग्रिडल, वुई हॅव डन. बट नो सिग्नल. नॉट अ‍ॅट ऑल."

शब्दशः खरं होतं. पातेल्याखाली सिग्नल नव्हता.

तेवढ्यात वर काहीतरी खडखडलं. आरशात मला काकू दिसल्या, छतावरचा बर्फ ओढायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन. विटा एकीकडे पडल्या, पातेलं दुसरीकडे. काकूंना दूध तापवायला नेमकं तेव्हाच पातेलं का लागावं, हे मी अजून विचारलेलं नाही.

आणि रेडिओ जिवंत झाला. रेडिओवरचा आवाज फोनच्या मागून काही सेकंदांनी येतो. त्यामुळे अख्ख्या केबिनमध्ये, अमेरिकाभर ऐकू जाणाऱ्या स्पष्ट आवाजात काका बोलले, "नो सिग्नल. नॉट अ‍ॅट ऑल."

काकांनी बटण दाबायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. फोनमध्ये ती काहीतरी म्हणाली. जरा वेळाने ते रेडिओवर मलाही ऐकू आलं. ती इंग्रजीत विचारत होती, "डीन, हा तुमचाच रेडिओ वाजतोय ना?"

"येस," काका म्हणाले.

"छान येतोय की आवाज. मग आज प्रश्न काय आहे?"

काकांकडे प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डॅशबोर्डकडे पाहिलं. फोन ठेवतील असं मला वाटलं. त्यांचा अंगठा फोन बंद करायच्या लाल खुणेवर गेलाही होता. मग त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि डीनचा आवाज सोडून देऊन, मराठीत म्हणाले, "थंडी फार आहे का गं तिकडे? कानाला काही बांधतेस की नाही?"

पुढे ती काय म्हणाली ते आधी फक्त त्यांनाच ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. चष्मा काढावा म्हणून त्यांनी हात उचलला आणि चष्मा न काढताच डोळ्यांवर दाबून धरला. मला काहीच कळेना. मग रेडिओवर त्यांचा प्रश्न आला, त्यानंतर एवढी मोठी शांतता की मला वाटलं सिग्नल पुन्हा गेला, आणि शेवटी तिचा आवाज, अमेरिकन वळणाच्या मराठीत:

"हो, बाबा. कानटोपी घातलीय."