मेसच्या मागचं कुत्रं

नाना कॉलेज बघायला गेले की प्रिन्सिपलला भेटत नाहीत. आधी मेसच्या मागं जातात आणि तिथलं कुत्रं बघतात. कुत्रं पसंत पडलं तरच पुढची बोलणी.

नाना म्हणजे आमचे शेजारी, बिरा सिदा कोळेकर. वय सत्तरीच्या पुढं. दहिवडीजवळच्या आमच्या गावातनं मेंढरं घेऊन ते चाळीस वर्षं कोकणापर्यंत चालले. कळप हलवायच्या आधी एक जाणता माणूस पुढं जाऊन मुक्कामाची जागा बघून येतो. ते काम कायम नानांचं. आता मेंढरं पुतण्याकडं गेली, पण जागा बघायची खोड काही गेली नाही. मग ते गावातल्या पोरांसाठी कॉलेजं बघायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

"मेंढरू बसवायचं तरी आपण रान बघतो, मास्तर. आन् पोर चार वर्सं बसवायची, ती फोटू बघून?"

पंचवीस वर्षं मी गावात मास्तरकी करतोय, पण कॉलेजं मीही फोटो बघूनच सांगत आलो.

नाना चुकत नाहीत असं नाही. सांगलीकडचं एक कॉलेज त्यांनी ताडकन नापास केलं, कारण मेसच्या हाडकुळ्या कुत्र्यानं भाकरी हुंगून सोडून दिली. पुढं कळलं, कुत्रं म्हातारं होतं आणि त्याला दातच नव्हते. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग कालवण घालायचं की त्येला. एवडी माया न्हाई तिथं पोर ठिवायची न्हाई."

माझी पूजा बारावी झाली, इंजिनिअरिंगला जायचं ठरलं, आणि नाना आमच्या अंगणात येऊन बसले. मी मात्र आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्या तालुक्यात पुण्याचं कॉलेज निवडायची एक जुनी रीत आहे: दहिवडीची एसटी ज्याच्या दारात थांबते ते कॉलेज चांगलं. निम्मा तालुका असाच इंजिनिअर झाला. मी ठरवलेल्या कॉलेजच्या दारात ती थांबायची, शिवाय इमारत काचेची. मी ते पसंतीक्रमात एक नंबरला टाकलं होतं. फॉर्म कायम करायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. एक नंबरचं कॉलेज मिळालं की तिथंच जावं लागतं, मागं फिरता येत नाही.

"एक नंबर बघितल्याबिगर?" नाना म्हणाले. "उद्या सकाळची पयली गाडी. पोरीला बी घ्या."

पूजा लगेच तयार झाली. तिच्या मनात काहीतरी होतंच, पण बापापुढं बोलली नव्हती.

काचेच्या कॉलेजात टायवाल्या मुलानं आम्हाला कॉफी दिली, रंगीत पुस्तक दिलं. नाना तोवर मागच्या बाजूला गायब. मी शोधत गेलो तर ते कुत्र्यासमोर उकिडवे बसलेले. कुत्रं असं गलेलठ्ठ, की उठायचाही कंटाळा.

"घ्या, पास झालं," मी म्हणालो.

"नापास. पोरं ताटं तशीच टाकत्यात, म्हनून त्ये माजलंय."

"आवं नाना, बारीक असलं तरी नापास, जाडं असलं तरी नापास. मग पास कोण?"

"मधलं," नाना शांतपणे म्हणाले.

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात पूजानं मला हाताला धरून वर्कशॉपच्या दारात नेलं. दाराला कुलूप, आणि कुलपाला गंज. काचेतून आतली यंत्रं दिसत होती, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मी हातातलं रंगीत पुस्तक मिटलं.

दोन नंबरला टाकलेलं कॉलेज पुण्यातलंच, पण सरकारी. रंग उडालेला, फाटक वाकडं. वर्कशॉपमधनं मात्र घणाघण आवाज येत होता, आणि जतकडची एक मुलगी हाताला ग्रीस माखून बाहेर आली. नानांनी तिला गाठलं.

"बाळ, हितं आजारी पडलीस तर दवाखान्यात कोन नेतंय?"

"मेसच्या मावशी नेतात. मागच्या महिन्यात मला ताप होता, तर रात्रभर उशाशी बसल्या."

नाना माझ्याकडं वळले. "झालं. कुत्रं बघायचं बी काम न्हाई." तरी जाऊन बघून आलेच. मधलं होतं.

पूजानं तिथंच पायरीवर बसून मोबाईलवर दोनाचा एक आणि एकाचा दोन केला. साडेचार वाजले होते. "अण्णा, करू ना कायम?" तिनं विचारलं. मी मान हलवली. मान हलवताना भीती वाटत होती हेही कबूल करतो.

यादी लागली आणि एक नंबरच मिळाला. गावानं फटाके लावले. पोरगी माझी, मार्क तिचे, आणि हार नानांच्या गळ्यात. वडूजपासून आटपाडीपर्यंतचे आईबाप आता त्यांच्या अंगणात बसलेले असतात. नाना कुणाला नाही म्हणत नाहीत.

प्रवेश घ्यायला आम्ही तिघंच गेलो. कागदपत्रं झाली, पूजा हॉस्टेलवर सामान लावायला गेली. मी आणि नाना एका रिकाम्या वर्गापाशी आलो. नाना दारातच थांबले.

"मास्तर, वाईच बसू का आत? एवडी कालेजं बघितली, पर वर्गात कवा गेलो न्हाई. कुनी काय म्हनंल असं वाटायचं."

पायताण बाहेर काढून ते पहिल्या बाकावर बसले. हात बाकावर फिरवला, मग दोन्ही हात जोडून समोर ठेवले. आमच्या शाळेतली पहिलीची पोरं बसतात तसे.

"शाळंत घातलं हुतं मला. तीन दिस गेलो. चवथ्या दिवशी मेंढरं हालली. गुरुजींनी पुढं माजं नाव घेतलं आसंल का हो? का लगीच खोडलं आसंल?"

मी फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि रोज घेतो तशी हजेरी घेतली. एकच नाव होतं.

"बिरा सिदा कोळेकर."

नाना गडबडीनं उठले. पटका सारखा केला, ताठ उभे राहिले.

"हजर हाय, गुरुजी."